शंभर ग्रॅममागे

आत्याने ताट भाचीपुढे सरकवलं आणि म्हणाली, "बघून घे. तुझी आत्या आता पोपट झाली."

ताटात पातळ लापशी होती, पावाचा मऊ तुकडा होता आणि एका छोट्या वाटीत चमचाभर बिया होत्या. सूर्यफुलाच्या, भोपळ्याच्या आणि तपकिरी, चकचकीत जवसाच्या. मागच्या भेटीपर्यंत त्या वाटीच्या जागी उकडून कुस्करलेलं रताळं असायचं. नाहीतर बीट, नाहीतर गाजर.

"रताळं कुठे गेलं?"

"बंद. गाजर बंद, बीट बंद. जमिनीखालचं सगळं बंद. आता जमिनीखाली फक्त आम्ही जायचं."

"आत्या, काहीही काय बोलतेस."

"मी कुठे बोलतेय? फळा बोलतोय. दाराशी लावलाय, जा वाचून ये. तोवर मी या बिया खिडकीत टाकते. चिमण्या काय गुबगुबीत झाल्यात या महिन्यात, बघशील."

आत्याने सबंध नोकरी बसमध्ये तिकिटं तपासण्यात घालवली होती. कोण झोपेचं सोंग घेतंय आणि कोण खरंच झोपलंय हे तिला दारातूनच कळायचं. भाचीच्या आईवडिलांच्या कामाच्या पाळ्या उलटसुलट, त्यामुळे भाचीला भरवणं, तिच्या वेण्या घालणं, तिला शाळेत सोडणं हे सगळं आत्याने आपल्या सुट्ट्या आणि पाळ्या सांभाळून केलं. भाचीचं "मोजपट्टी" हे नावही तिनेच पाडलेलं, कारण ही पोरगी लहानपणी दुधाचा पेला डोळ्यांसमोर धरून भावाच्या पेल्याशी पातळी जुळवून बघायची. पुढे मोजपट्टीने रसायनशास्त्र घेतलं आणि अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी धरली, तेव्हा आत्या म्हणाली होती, "बरं झालं. आता निदान मोजायचा पगार तरी मिळेल."

खुब्याचं हाड मोडलं तेव्हा आत्या आपण होऊनच या वृद्धनिवासात आली. भाची राहायची चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. "पायांत जोर आला की चढून येईन तुझे जिने," असं ठरलं होतं. निवासाला दोन मजले होते. खाली चालते-फिरते लोक आणि वर अंथरुणाला खिळलेले. दर महिन्याला सगळ्यांचं वजन करायचे. ज्याचं उतरत जाई, त्याला काळजीपोटी वर हलवत. वर गेलेलं माणूस आपल्या पायांनी खाली आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आत्याचं वजन उतरायला लागलं होतं. मनगटावरचं घड्याळ हात उचलला की घसरून पार कोपराकडे जाई. पुढच्या वजनालाही काटा खालीच आला, तर आत्याचं सामान वर जाणार होतं.

भाची दाराशी गेली. फळ्यावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "बी विरुद्ध कंद". खाली रंगीत खडूंनी उभे पट्टे काढलेले. बियांचे पट्टे हिरवे आणि ताठ, कंदांचे तांबडे आणि बुटके, शाळेच्या फोटोत पुढच्या रांगेत बसवलेल्या पोरांसारखे. प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, कॅल्शियम, लोह, उष्मांक. सगळ्या शर्यतींत बी पहिली. तळाशी एक ओळ होती: "प्रति १०० ग्रॅम. प्रयोगशाळेत सिद्ध."

सूर्यफुलाची प्रथिनं २०.४. रताळ्याची १.६.

२०.४ बघितल्यावर तिचा पाय जागीच अडकला. हा आकडा तिच्या ओळखीचा होता, किंबहुना तिनेच काढलेला होता. प्रयोगशाळेत प्रत्येक नमुना दोनदा तपासतात. सूर्यफुलाचे दोन निकाल एकमेकांशी जुळेनात म्हणून तिने तो तिसऱ्यांदा लावला होता आणि त्या दिवशी जेवण सोडून भट्टीशी बसली होती. नमुने येतात ते क्रमांक लावून, कुणाचे आहेत हे तिथे कळत नाही. कंदांचे आकडेही तिचेच होते. एकही चुकलेला नव्हता. आकडा चुकीचा असता तर तिने तो खोडून दुरुस्त केला असता. इथे आकडे सगळे खरे होते आणि त्या खऱ्या आकड्यांच्या जोरावर तिच्या आत्याच्या तोंडचं रताळं काढून घेतलं होतं.

"आवडला का फळा?" मागून व्यवस्थापकांचा आवाज आला. टापटीप, गोल चेहऱ्याचा माणूस. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी बियांची पुडी. बोलताना ते त्यातली एखादी बी तोंडात टाकत. "मी स्वतः नमुने पाठवले होते. आपल्याकडे आता सगळं विज्ञानावर चालतं."

"हे आकडे माझे आहेत. मीच तपासलेत."

"तुम्ही? अरे वा. मग तर घरचंच माणूस निघालं."

"साहेब, अहवालात अ जीवनसत्त्वाचाही आकडा होता. तो कुठाय?"

"तो ना," व्यवस्थापकांनी खांदे उडवले, "फळ्यावर मावेना. गाजराचा पट्टा गेला पार छताकडे. मग बाकीचे मुंगीएवढे दिसायला लागले. म्हणून ती रांगच काढली."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ज्या एका शर्यतीत गाजर पुढे होतं, ती शर्यत गाजर फार पुढे गेलं म्हणून रद्द. आणि हे सांगताना या माणसाच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूसही नव्हता. त्याला फक्त फळ्याच्या उंचीची अडचण दिसत होती.

"आणि पाणी बघितलंत का?" ते उत्साहाने पुढे म्हणाले. "गाजरात अठ्ठ्याऐंशी टक्के पाणी. म्हणजे इतकी वर्षं आम्ही पाणी सोलत होतो, पाणी चिरत होतो आणि वर पाणी पाण्यात उकडत होतो."

"बी कोरडी असते, साहेब. तिला मातीत पडून महिनोन्महिने तग धरायचा असतो, म्हणून सगळं दाबून भरलेलं असतं. कंद ओला असतो. या दोघांना शंभर-शंभर ग्रॅमवर झुंजवणं म्हणजे दुधाची पावडर आणि दूध यांची कुस्ती लावण्यासारखं आहे. पावडर जिंकणारच. म्हणून काय कुणी पावडर चावून खातं?"

"पण आकडे तर तुमचेच."

"तुम्ही बिया किती देता?"

"एक चमचा. रोज. न चुकता."

"म्हणजे दहा ग्रॅम. फळ्यावर शंभर आहे."

"अहो, या वयात शंभर ग्रॅम बिया कशा खातील?"

"तेच म्हणतेय मी. आणि रताळी किती देत होतात?"

"दोन. मध्यम आकाराची."

"दोनशे ग्रॅम धरा. चमचाभर बियांत प्रथिनं दोन ग्रॅम, दोन रताळ्यांत तीन ग्रॅमच्या वर. बियांचे उष्मांक साठाच्या आत, रताळ्यांचे एकशे सत्तर. बियांशी माझं वैर नाही. चांगल्याच असतात. रताळ्यावर भुरभुरा, मी टाळ्या वाजवीन. पण तुम्ही ताटातून दोनशे ग्रॅम काढून दहा ग्रॅम ठेवलेत."

व्यवस्थापकांनी फळ्याकडे बोट केलं. "रताळ्यात एक पूर्णांक सहाच लिहिलंय."

"शंभर ग्रॅममागे."

"तेच तर म्हणतोय मी. शंभर ग्रॅममागे."

भिंतीला डोकं आपटावं असं तिला वाटलं. तिने दुसरीकडून सुरुवात केली. बिया कवळीखाली अडकतात, टोचतात, म्हणून निम्मे लोक त्या खातच नाहीत. जवस न दळता दिला तर जसा गिळला तसाच बाहेर पडतो, त्यातलं अंगाला काही लागत नाही. व्यवस्थापक मान डोलवत ऐकत होते, पण ते डोलवणं लहान मुलाची कविता ऐकणाऱ्या पाहुण्याचं होतं.

"असं करा," शेवटी ते म्हणाले, "बोलण्याने काय सिद्ध होणार? तपासा. तुमच्या प्रयोगशाळेत."

"तपासते. नुसत्या बिया नाही, सबंध ताट तपासते. एक ताट आत्या जेवेल, अगदी तसंच दुसरं डब्यात भरून मला पाठवा. सगळं एकत्र वाटून काय निघतं ते बघू. तुमचं ताट जुन्या ताटाच्या बरोबरीचं निघालं, तर मी पुन्हा फळ्याचं नाव काढणार नाही. कमी पडलं तर कंद परत."

"मान्य," व्यवस्थापक म्हणाले आणि त्यांनी आनंदाने एक बी तोंडात टाकली.

मोठ्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, आधी कुरकुरल्या. घरची भांडणं मेजावर आणू नये असं त्यांचं म्हणणं होतं. पण रोजचं काम न अडवता लावायचं या अटीवर त्यांनी परवानगी दिली. दोनच दिवसांत निवासातून डबा आला. भाचीने हातमोजे चढवले, वाटणयंत्राचं पातं पुसलं आणि झाकण उघडलं.

डब्यात बाग फुललेली होती. गाजराच्या गोल चकत्या पाकळ्यांसारख्या कडेने लावलेल्या. मधोमध लोणी लावलेलं अख्खं रताळं. बिटाच्या फोडी. पावाचे दोन जाड तुकडे. लापशी चमचा उभा राहील इतकी घट्ट. आणि या सगळ्यावर, केकवर घालावी तशी, बियांची नक्षी.

ती पातं हातात धरून उभी राहिली. मग तो डबा तसाच मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"बाई, हे ते ताट नाही."

"नमुन्यावर काय लिहिलंय?"

"दुपारचं जेवण, तळमजला."

"मग ते तेच आहे. जसा मिळाला तसा तपासायचा. नमुना निवडणं आपलं काम नाही."

"पण हे कुणी जेवलेलंच नाही. परवा मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"बघितलंस. मोजलंस का?"

भाचीने डब्याकडे बघितलं. हा वाटला आणि तपासला तर निकाल उत्तम येणार. तो निकाल फळ्यावर चढणार, खाली पुन्हा "प्रयोगशाळेत सिद्ध" लागणार आणि आत्या चमचाभर बियांवर वरच्या मजल्यावर जाणार. पुन्हा एकदा सगळे आकडे खरे, पुन्हा एकदा तिच्याच हातचे. मोठ्या बाईंचा नियम बरोबर होता, फळ्यावरचा २०.४ बरोबर होता, सगळे आपापल्या जागी बरोबर होते. उपाशी तेवढी तिची आत्या होती.

"मी हा वाटणार नाही," ती म्हणाली. "अर्ध्या दिवसाची सुट्टी द्या."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "जा. पण भांडायचंच असेल तर नीट भांड. रडकुंडीला येऊन परत येऊ नकोस."

ती डबा घेऊन निघाली ती थेट निवासाच्या स्वयंपाकघरात शिरली. आचारी ओट्याशी उभा राहून गाजरं सोलत होता. शेजारी रताळ्यांची पाटी होती, धुतलेली, अजून ओली. तिने डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला.

"हे तुम्ही भरलंत?"

आचाऱ्याचा चेहरा खुलला. "पोचलं का नीट? चकत्या हलल्या तर नाहीत ना?"

"मी म्हटलं होतं, आत्याच्या ताटासारखंच पाठवा."

"अहो ताई, प्रयोगशाळेत जाणार, शिकली-सवरलेली माणसं उघडून बघणार. त्यात चमचाभर बिया पाठवू? डबा कसा ओकाबोका दिसला असता. माझी काही अब्रू आहे की नाही?"

"आणि ती अब्रू रोज वाढताना कुठे जाते?"

सालीची एक लांब पट्टी आचाऱ्याच्या बोटाला गुंडाळली गेली होती, ती तो सोडवत बसला. "रोजच्या ताटाला साहेबांचा हुकूम असतो," तो हळूच म्हणाला. "डब्याला हुकूम नव्हता."

"मग आता ही गाजरं कुणासाठी सोलताय?"

"ही? ही आमच्यासाठी. कामगारांसाठी." आणि अगदी सरळ मनाने तो पुढे म्हणाला, "आम्हाला दिवसभर उभं राहायचं असतं, ताई. बियांवर कसं निभावणार?"

तिने डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसेना, तरी दाबून लावलं. उभं राहायला कंद लागतात हे या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ज्यांना पुन्हा उभं राहायचं होतं, त्यांच्यासाठी फळा होता.

जेवणाच्या दालनात पंगत बसलेली होती. व्यवस्थापक हात मागे बांधून टेबलांमधून फिरत होते. तिने डबा आत्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि उघडला. आसपासच्या माना वळल्या. आत्याच्या शेजारी बसणारे निवृत्त ड्रॉइंगमास्तर, तोंडात एकही दात नसलेले, खुर्चीतून अर्धे उठले. "हे कुणाचं?"

"हे तुमचं," भाची म्हणाली. "निदान प्रयोगशाळेत तरी तुम्ही सगळे हे जेवता."

काय झालं ते तिने व्यवस्थापकांना सांगितलं. आवाज चढू द्यायचा नाही असं ठरवलं होतं, तरी शेवटच्या वाक्याला तो चढलाच. आचारी दारात येऊन उभा राहिला होता. व्यवस्थापकांनी त्याच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि त्यांचे कान लाल झाले. फसवायचं त्यांच्या मनातही नव्हतं हे दिसत होतं. पण भर पंगतीत उघडं पडणंही त्यांना झेपत नव्हतं.

"हे चुकीचं झालं," ते म्हणाले. "आचाऱ्याशी मी नंतर बोलतो. तुमचं म्हणणं एवढंच ना, की आत्याबाईंना रताळं हवं? देऊ. उद्यापासून त्यांना दोन रताळी. विशेष बाब म्हणून."

भाचीने श्वास सोडला. हेच तर हवं होतं. "चालेल" हा शब्द तिच्या ओठांवर आलाच होता.

"आणि यांना?" आत्या म्हणाली.

"आत्या, आधी आपलं तर होऊ दे."

"तू गप्प बस, मोजपट्टी. मी साहेबांना विचारतेय. मला रताळं आणि या मास्तरांना बिया? दात मला आहेत, त्यांना तेवढेही नाहीत. मी रोज यांच्यासमोर लोणी लावून खाऊ आणि हे जवस चघळत माझ्याकडे बघणार. अशा ताटावर बसायचं असेल तर मी आजच वरच्या मजल्यावर जाते. तिथे निदान भिंतीकडे तोंड करून झोपता येतं."

"आत्याबाई, बिया वाईट नसतात हो," व्यवस्थापक कळवळून म्हणाले. "मी स्वतः खातो. फळ्यावर बघा ना, शंभर ग्रॅममागे..."

"बघितलं. रोज बघते, जाता-येता. शंभर ग्रॅम लिहिलंय ना? मग वाढा शंभर ग्रॅम. आधी तुम्ही घ्या."

"मी?"

"तुम्हाला दात आहेत, आवड आहे, वय आहे. आचारी, तो तराजू आण रे. साहेबांना शंभर ग्रॅम वाढ. आमची मोजपट्टी बघेल बरोबर आहेत का."

पंगतीत कुणीतरी फिसकन हसलं. व्यवस्थापक थोडं हसले, मग हसायचे थांबले. मागे हटावं तर फळा खोटा ठरत होता आणि त्यांचा त्या फळ्यावर खरोखरच विश्वास होता. भाचीला त्या क्षणी त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं, कारण ते खुर्ची ओढून बसले. "आणा," ते म्हणाले.

आचाऱ्याने तराजूवर खोलगट बशी ठेवली, काटा शून्यावर आणला आणि बरणी ओतू लागला. सगळे बघत होते. एक चमचा झाला, दोन झाले, चार झाले. बशीत टेकडी उभी राहिली आणि तिच्या उतारावरून बिया घरंगळायला लागल्या. "अजून," भाची काट्याकडे बघत म्हणाली. "अजून थोड्या. बस."

व्यवस्थापकांनी पहिला चमचा हसतमुखाने घेतला. दुसराही. तिसऱ्याला त्यांनी पाण्याचा पेला जवळ ओढला. चौथ्यापासून दालनात दुसरा आवाज उरला नाही, नुसतं कुरुम कुरुम. ते चावत होते, चावत होते, जबडा डावीकडून उजवीकडे नेत होते, मध्येच जीभ गालात फिरवून अडकलेलं काहीतरी काढत होते. कपाळावर घाम आला. टेकडीचा फक्त शेंडा कमी झाला होता. ड्रॉइंगमास्तर हनुवटीवर हात टेकून एखादं चित्र निरखावं तसे बघत होते.

"सावकाश, साहेब," आत्या म्हणाली. "आम्हाला घाई नाही. आम्ही रोज एवढाच वेळ चावतो, फक्त एका चमच्याला."

कुणी हसलं नाही. व्यवस्थापकांनी चमचा उचलला, टेकडीकडे बघितलं आणि तो तसाच बशीत टेकवला. मग त्यांची नजर टेबलावरून फिरली. पुढ्यातल्या वाट्या, वाट्यांतल्या न खाल्लेल्या बिया, खिडकीच्या कट्ट्यावर बसलेल्या चिमण्या. हे सगळं आधीही तिथेच होतं. त्यांना ते बहुतेक आताच दिसलं असावं.

दारातून आचाऱ्याने विचारलं, "साहेब, रताळी धुतलेली आहेत. सगळ्यांसाठी चढवू का?"

व्यवस्थापकांचं तोंड गच्च भरलेलं होतं. त्यांनी हात वर केला. हात वर केला म्हणजे "थांब" असेल, "बघू" असेल, नाहीतर "चढव" असेल. भाचीचं शिक्षण असं होतं की दोन अर्थ निघणारं निरीक्षण पुन्हा घ्यायचं. तिने आत्याकडे बघितलं. आत्या आचाऱ्याकडे बघत होती आणि आचारी हाताकडे.

"हो म्हणाले," आचारी म्हणाला आणि मोठं पातेलं घ्यायला आत गेला.

भाचीने काही विचारलं नाही. तिने पाण्याचा पेला उचलून व्यवस्थापकांच्या हाताजवळ ठेवला आणि रताळी सोलू लागायला आचाऱ्याच्या मागे आत गेली.